म्हाताऱ्याला टर्बो

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर नाही म्हणजे मी घाबरलो, असं तू वहिनींना सांगून मोकळा झाला असशील. घाबरलो नव्हतो, ट्रकखाली होतो. ‘टर्बो लाव की, त्यात विचार कसला!’ हे तू एका ओळीत लिहून टाकलंस. तुझी गाडी कारखान्यातूनच टर्बो घेऊन बाहेर पडली आहे. माझा म्हातारा ट्रक तीस वर्षं स्वतःच्या छातीवर श्वास घेतोय. त्याच्या नाकाला हवा कोंबणारा भाता लावायचा तर आधी छाती तपासायला नको?

दुखणं तुला माहीतच आहे. सपाटीवर त्याची काही तक्रार नाही. तो लांब घाट लागला आणि मागे पूर्ण लोड असला, की दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं, मागे काळ्या धुराचा लोट आणि त्या लोटामागे शिव्या देणाऱ्यांची रांग. घाटमाथा अडीच हजार मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटच उरतो. डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर झडप नसते, मावेल तेवढी हवा ते ओढतं आणि आपण पायाने वाढवतो ते फक्त डिझेल. आता गंमत अशी, की जुन्या यांत्रिक पंपाला डोंगर कळत नाही. खाली जेवढं डिझेल सोडायचा, तेवढंच तो वरही सोडतो. हवा पाऊण आणि डिझेल पूर्ण. उरलेल्याची काजळी होते आणि इंजिन भट्टीसारखं तापतं.

म्हणून टर्बोच्या आधी मी पायरोमीटर बसवला. तू हसशील, पण या सगळ्या उद्योगात तोच पैसा सर्वांत सत्कारणी लागला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून त्यात तापमानाची कांडी बसवायची आणि काटा डॅशबोर्डवर. (भोक पाडताना कीस आत जाऊ द्यायचा नाही. पुढे टर्बो आला की तो कीस थेट त्याच्या पात्यांवर जाणार.) पहिल्याच फेरीत अर्ध्या घाटात काटा ७२० अंशांवर गेला आणि माझा पाय आपोआप वर आला. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं. पिस्टन स्वतः धुराइतका तापत नाही, खालून ऑइल आणि दर फेरीला आत येणारी ताजी हवा त्याला निववते, हे मलाही कळतं. तरी तो आकडा बघून घशाला कोरड पडते.

घरी येऊन शोध घेतला. एअर क्लीनर मातीने जाम. आणि डिझेलचं माप ठरवणारा पंपाचा स्क्रू आधीच्या मालकाने पिकअपसाठी पिळून ठेवलेला, सील तुटलेलं. क्लीनर बदलला, स्क्रू मागे घेतला. पुढच्या फेरीत काटा ६४० वर थांबला, धूर निम्मा झाला आणि चढाचा वेग मात्र जवळजवळ तोच राहिला! म्हणजे इतकी वर्षं मी ते जादा डिझेल नुसतं सायलेन्सरमधून उधळत होतो. इथे क्षणभर वाटलं, आता टर्बो हवाच कशाला?

पण मग हवेचाच विचार डोक्यात बसला. एक्झॉस्टवर एक पंखा फिरवून त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात हवा कोंबायची, ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंट केली. मला जवळची वाटते ती मात्र १९१८ ची गोष्ट. सॅनफर्ड मॉस नावाचा अमेरिकन इंजिनिअर विमानाचं लिबर्टी इंजिन घेऊन पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच डोंगरावर चढला. खाली ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन वर विरळ हवेत २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ते पुन्हा ३५० च्या पुढे गेलं. त्याला जादा ताकद नको होती रे, डोंगराने हिरावलेली तेवढी परत हवी होती. माझंही तेच मागणं आहे. तू टर्बो म्हणालास तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे ओव्हरटेक होता. माझ्यापुढे आहे पाव भाग हवा.

त्यामुळे प्रेशर किती ठेवायचं याचं उत्तर सोपं झालं. वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, अर्ध्या बारला उघडेल (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीच्या हवेइतका दाब), त्यापुढे दाब नाही. माझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन २१:१ आहे, म्हणजे आत आलेली हवा ते एकविसाव्या भागात दाबतं. कारखान्यातून टर्बो घेऊन येणाऱ्या इंजिनांचं बहुतेक १६ ते १८ असतं, ते उगाच नाही. आधीच इतकं दाबणाऱ्या सिलिंडरमध्ये बाहेरून आणखी हवा कोंबली की सगळा ताण हेड गॅस्केट आणि हेडच्या बोल्टवर येतो. शिवाय हवा दाबली की तापते. तीस अंशांची हवा अर्ध्या बारला साधारण ऐंशीच्या पुढे जाते आणि एक बारला सव्वाशेच्या आसपास. अर्ध्यावर राहिलो तर ती हवा निववणाऱ्या इंटरकूलरवाचून भागेल, आणि तो बसवायला रेडिएटरपुढे जागा तरी कुठे आहे?

आता छातीची तपासणी. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर उलटं ठेवलं. उडालं नाही, थरथरलं फक्त. म्हणजे बॅक कॉम्प्रेशन, पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये निसटणारा दाब, फार नाही. मग कॉम्प्रेशन मोजलं. चौथा सिलिंडर जरा कमी, पण फरक दहा टक्क्यांच्या आत. खरं भांडं फोडलं ते डिझेल फवारणाऱ्या नोझलनी. सहापैकी दोन फवारा मारायच्या ऐवजी पिचकारी मारत होते. अशी धार एकाच जागी पडली की टर्बो असो वा नसो, ती जागा जळते. त्यामुळे सहाही नोझल आधी होणार, मग टर्बो.

बॅक कॉम्प्रेशनचा मी एवढा धसका का घेतलाय ते सांगतो. ओळखीतल्या एकाच्या ट्रकला टर्बो लावला आणि महिन्याभरात निळा धूर. टर्बो खराब म्हणून दुसरा आणला, पुन्हा निळा धूर! मी खाली जाऊन पाहिलं तर टर्बोतून ऑइल परत आणणारा पाइप बारीक, आणि मधे झोळीसारखा लोंबलेला. त्या ऑइलला मागून ढकलणारं काही नसतं, ते आपल्या वजनानेच उतरतं. पाइप जाड हवा, सरळ खाली हवा आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर शिरायला हवा. तो तुंबला, किंवा रिंगा गेल्यामुळे चेंबरमध्येच दाब वाढला, तर ऑइल टर्बोच्या सीलमधून वाट काढतं. ते हवेच्या बाजूला फार गेलं तर इंजिन आपलंच ऑइल जाळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. त्या माणसाचा पहिला टर्बो अगदी धडधाकट होता. मिस्त्रीने तो भंगारात घातला.

बाकीचं थोडक्यात. क्लच प्लेट बदलायला आलीच होती, ती बदलतोय. ब्रेक आहेत तेच, आणि उतारावर टर्बो काडीचाही उपयोगाचा नाही, तेव्हा चढ लवकर संपला म्हणून उतारावर शहाणपण सोडायचं नाही. इंजिनातला बदल कागदोपत्री चालतो का आणि विम्याला कळवायला लागतो का, हे टर्बो आणायच्या आधी विचारून घेतो. टर्बो जुना मिळतोय. शाफ्ट हाताने हलवून पाहिला. आडवा अगदी किंचित हलतो, तेवढं चालतं. पुढे-मागे मात्र जाणवण्याइतका खेळ नाही. पाती कुठे घासलेली नाहीत.

मला जड जाणार आहे ती एकच सवय. घाट चढून आलो की मी गाडी उभी करतो आणि लगेच बंद करतो. मिनिटाला लाखभर फेरे घेणारा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो तापलेला असताना इंजिन बंद केलं की ते ऑइल तिथेच करपतं. दोन-तीन मिनिटं आयडलिंगवर बसून राहायचं म्हणजे माझ्या स्वभावाला शिक्षाच.

तर लावतोय. अर्धा बार, आणि पंपाचा स्क्रू आहे तिथेच. त्यावर लाल रंगाचा ठिपका दिला आहे, तो तुझ्यासाठी. तू आलास की ‘थोडंसंच पिळतो’ म्हणत पाना घेऊन तिकडे वळणार हे मला पक्कं ठाऊक आहे. ठिपका तुटलेला दिसला तर घाट चालत चढवीन तुला.

आणि हो, कॉम्प्रेशन मोजायला मला गेज दुसऱ्याकडून मागून आणावा लागला. माझा दोन वर्षं तुझ्याकडे आहे. येताना घेऊन ये.

तुझा,
रघू