अधिभाराला ‘कर’ म्हणू नका

महोदय,

क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर ‘फुकट’ परदेशवारी कशी करावी, याचे लेख आणि जाहिराती हल्ली सतत दिसतात. पॉइंट्स जमवायचे कसे, यावर रकानेच्या रकाने असतात. ते वापरताना शेवटच्या पानावर ‘कर व शुल्क’ म्हणून हजारो रुपये कुठून उगवतात, यावर मात्र अवाक्षर नसते. मे-जूनमध्ये पुण्याहून मुलानातवंडांकडे अमेरिका-जर्मनीला जाणारे आजीआजोबा पुष्कळ. त्यातले कितीतरी जण हा सगळा सरकारी कर समजून मुकाट्याने भरतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या रकमेत दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक सरकार आणि विमानतळांचे देणे: विमानतळाचे वापर शुल्क, सुरक्षा शुल्क, जीएसटी. दुसरी म्हणजे विमान कंपनीने स्वतः लावलेला अधिभार. तिकिटाच्या तपशिलात तो ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ या दोन अक्षरी खुणेने येतो. हा पैसा कंपनीच्याच गल्ल्यात जातो. तो कर नव्हे याचा पुरावा तिकिटावरच असतो: भारतातून निघणाऱ्या तिकिटात या अधिभारावर वर जीएसटी लागतो (खूण ‘के३’), इकॉनॉमीला ५ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस व फर्स्टला १८ टक्के.  हा जीएसटी कंपनीच्या भाड्याच्या भागावर लावतात.

हा अधिभार आला इंधनाच्या नावाने. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१२ मध्ये बजावले की ‘इंधन’ म्हणून जे घ्याल त्याचा इंधनाच्या खर्चाशी मेळ असला पाहिजे. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी नावातून इंधन काढले आणि ‘कंपनीने आकारलेले शुल्क’ असे मोघम नाव दिले. तेल स्वस्त झाले तरी रक्कम उतरत नाही ती यामुळे.

आता विमान कंपन्यांच्या आपसातल्या भागीदारीचा मुद्दा, कारण खरी मेख तिथे आहे. एकाच विमानातली एकच सीट वेगवेगळ्या कंपन्यांच्या माइल्सवर (म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंट्सवर; बँकेचे पॉइंट्स त्यांत वळवता येतात) घेतली तर रोख रक्कम वेगवेगळी भरावी लागते. मुंबई–फ्रँकफर्ट हे लुफ्तान्साचे विमान घ्या. तिच्या स्वतःच्या ‘माइल्स अँड मोअर’ या सभासद योजनेतून सीट घेतली तर अधिभार पूर्ण लागतो. तीच सीट युनायटेडच्या किंवा एअर कॅनडाच्या माइल्सवर घेतली तर अधिभार नाही, फक्त खरे कर. एअर कॅनडाने नोव्हेंबर २०२० मध्ये आपली ‘एरोप्लॅन’ योजना नव्याने मांडली तेव्हा हा अधिभार काढून टाकला. भागीदार कंपनीच्या तिकिटाला ३९ कॅनेडियन डॉलर बुकिंग शुल्क तेवढे घेतात. सिंगापूर एअरलाइन्सने मार्च २०१७ पासून स्वतःच्या विमानांवरील अवॉर्ड तिकिटांचा (म्हणजे माइल्सवर काढलेल्या तिकिटांचा) अधिभार बंद केला, पण तिच्याच माइल्सवर भागीदाराचे विमान घेतले की त्या भागीदाराचा अधिभार पुन्हा डोके वर काढतो.

असे होते कारण भागीदाराच्या माइल्सवर दिलेल्या सीटबद्दल माइल्सवाली कंपनी विमानवाल्या कंपनीला आधी ठरलेल्या दराने पैसे देते. सभासदाकडून अधिभार उकळायचा की तो खर्च माइल्सच्या आकड्यात जिरवायचा, हे योजनेचे धोरण. अधिभार न घेणाऱ्या योजना बहुधा माइल्स जास्त मागतात. त्यामुळे नुसते माइल्सचे आकडे शेजारी ठेवून ‘अमुक योजना स्वस्त’ म्हणण्यात अर्थ नाही.

सरकारी कर मात्र कोणत्याच योजनेत चुकत नाहीत. ब्रिटनमधून निघताना लागणारा प्रवासी कर भारताएवढ्या अंतराला २०२५-२६ मध्ये इकॉनॉमीत ९० आणि बिझनेसमध्ये २१६ पौंड होता. लंडनला उतरताना तो लागत नाही आणि २४ तासांच्या आत त्याच तिकिटावरचे पुढचे विमान पकडले तरी लागत नाही. म्हणून परतीला रेल्वेने पॅरिस गाठा, असा सल्ला सर्रास मिळतो. पण फ्रान्सनेही आपला असाच कर १ मार्च २०२५ पासून लांब पल्ल्याला इकॉनॉमीत ४० आणि बिझनेसमध्ये १२० युरो केला आहे. रेल्वेचे तिकीट धरून हिशेब करा. इकॉनॉमीत तो बहुतेकदा जमत नाही.

सीट मिळण्याचेही गणित भागीदारीवरच बेतलेले असते. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात (वरच्या सगळ्या कंपन्या त्यातल्याच) भागीदारांसाठी सोडलेल्या अवॉर्ड सीटचे वेगळे कप्पे असतात: इकॉनॉमीला ‘एक्स’, बिझनेसला ‘आय’, फर्स्टला ‘ओ’. विमानात वीस जागा रिकाम्या दिसत असल्या तरी या कप्प्यात शून्य असेल तर भागीदाराच्या माइल्सवर काहीच मिळत नाही. भागीदाराकडून येणारी ठरीव रक्कम रोखीच्या भाड्याहून बरीच कमी असते, त्यामुळे रिकामी जाईल असे वाटते तीच सीट कंपनी बाहेर सोडते. स्वतःच्या सभासदाला मात्र ती जास्त माइल्स घेऊन आणखी सीट देऊ शकते. सिंगापूर एअरलाइन्सच्या लांब पल्ल्याच्या बिझनेस सीट भागीदारांना जवळजवळ मिळतच नाहीत. त्या हव्या असतील तर तिचेच माइल्स लागतात.

तारखांचाही फरक पडतो. सिंगापूर एअरलाइन्सचे बुकिंग ३५५ दिवस आधी उघडते, युनायटेडचे ३३७ दिवस आधी. म्हणजे युनायटेडच्या सभासदाला ती तारीख दिसू लागेपर्यंत अठरा दिवस उलटलेले असतात. मेच्या सुट्टीतल्या चार सीट एकत्र हव्या असतील तर हे अठरा दिवस नडतात. उलट, न विकलेल्या सीट शेवटच्या दोन आठवड्यांत सुटतात. एकट्यादुकट्याला, तेही व्हिसा हातात असेल तर, त्या उपयोगी.

कोडशेअर (एका कंपनीच्या विमानावर दुसरीचाही क्रमांक) म्हणजे माइल्सची भागीदारी नव्हे, हे तर लिहून ठेवावे असे आहे. इंडिगो तिन्ही मोठ्या अलायन्सपैकी एकातही नाही. तिचे परदेशी कंपन्यांशी एकेकटे करार आहेत. परदेशी विमानावर तिचा क्रमांक दिसतो म्हणून त्या कंपनीचे माइल्स इंडिगोवर वापरता येतील असे आपोआप ठरत नाही. माइल्स मिळणे आणि माइल्स वापरणे यांचे करारही वेगळे असतात. विमान कोण उडवते ते पाहावे, क्रमांकावर जाऊ नये.

पुणेकरांसाठी आणखी एक. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, म्हणून लोहगावहून पुणे–दिल्ली आणि पुढचे विमान एकाच अवॉर्ड तिकिटात बसू शकते. त्यासाठी पुणे–दिल्लीलाही भागीदारांचा कप्पा उघडा हवा. कधी दिल्ली–फ्रँकफर्ट एकटे दिसते आणि पुणे जोडले की गायब होते. कधी उलटही होते, कारण काही कंपन्या पूर्ण प्रवासाची सीट आणि एका टप्प्याची सीट वेगळी मोजतात. दोन्ही शोध करून पाहावेत. पुणे–दिल्ली वेगळ्या तिकिटावर घेतले तर बॅगा दिल्लीत काढून पुन्हा द्याव्या लागतील असेच गृहीत धरा. पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढचे हुकल्याची जबाबदारीही तुमचीच. त्यापेक्षा द्रुतगती मार्गाने मुंबई गाठलेली बरी.

भागीदाऱ्या कायमच्या नसतात, हे जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला जमिनीवर बसली तेव्हा तिच्या सभासदांना कळले. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि सभासदांचे पॉइंट्स एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’ योजनेत गेले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला एसएएस ही स्कँडिनेव्हियन कंपनी स्टार अलायन्स सोडून स्कायटीम या दुसऱ्या गटात गेली. ‘कधीतरी वापरू’ म्हणून वर्षानुवर्षे साठवलेले माइल्स अशा वेळी कामाचे राहतीलच असे नाही.

बँकेचे पॉइंट्स विमान कंपनीकडे एकदा वळवले की परत येत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवावा. आधी सीट शोधा, तीच सीट दुसऱ्या एखाद्या भागीदाराच्या संकेतस्थळावरही दिसते का ते पाहा. एकाच ठिकाणी दिसणारी सीट कित्येकदा भुताटकीची निघते, पैसे भरताना नाहीशी होते. माइल्सशेजारची रोख रक्कम टिपून ठेवा. पॉइंट्स वळायला किती वेळ लागतो ते बँकेला विचारा. काही ठिकाणी तासाभरात वळतात, काही ठिकाणी दिवस जातात आणि तेवढ्यात सीट जाते. तिकीट निघाल्यावर तेरा आकडी तिकीट क्रमांक आला का ते तपासा, नुसत्या पीएनआरवर विसंबू नका. पहिले तीन आकडे तिकीट कोणाचे ते सांगतात: ०९८ एअर इंडिया, ०१६ युनायटेड, ०१४ एअर कॅनडा, २२० लुफ्तान्सा, ६१८ सिंगापूर. वेळापत्रक बदलले तर तिकीट ज्याचे त्याच्याशीच बोलावे लागते. विमानवाल्याच्या काउंटरवर हुज्जत घालून उपयोग नसतो.

शेवटी मागणी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार तिकीट रद्द केल्यास सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावे लागते, मूळ भाडे परत न मिळणारे असले तरी. पण अवॉर्ड तिकिटावर कर आणि अधिभार एकाच ओळीत कोंबलेले असतील तर परत काय मिळायचे हे प्रवाशाला कळणार कसे? जपानच्या दोन मोठ्या कंपन्या इंधन अधिभार दर दोन महिन्यांनी विमान इंधनाच्या भावाच्या तक्त्यानुसार ठरवतात आणि तक्ता आधी जाहीर करतात. आपल्याकडे निदान एवढे व्हावे: भारतातून निघणाऱ्या प्रत्येक अवॉर्ड तिकिटावर, पैसे भरण्याच्या आधी, कंपनीचा अधिभार वेगळ्या ओळीत रुपयांत दाखवणे महासंचालनालयाने बंधनकारक करावे.

— एक वाचक, कोथरूड, पुणे