शुक्रवारच्या विनोदाविषयी मुलीस पत्र

कोलोन

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि तुझ्या आईलाही मी ते वाचून दाखवले. एआरडी या जर्मन सार्वजनिक वाहिनीवर शुक्रवारी रात्री सव्वाआठला जो कौटुंबिक विनोदी चित्रपट लागतो, तशाच एका चित्रपटाच्या पटकथेवर सहायक लेखिका म्हणून तुला काम मिळते आहे, ही आम्हां दोघांनाही आनंदाची बातमी आहे. वर्षानुवर्षे सोफ्यावर बसून या चित्रपटांना नावे ठेवणाऱ्या बाबांनी आपले म्हणणे एकदा तरी कागदावर मांडावे, असे तू शेवटी खोचकपणे लिहिले आहेस. तेही रास्त आहे. काम घेऊ नकोस असे मी म्हणणार नाही. काम जरूर घे, पण या लेखनाचे दुखणे मला कुठे दिसते तेवढे ऐकून घे.

साचा तुला पाठ असेलच. श्टार्नबर्गच्या तळ्याकाठी किंवा बाल्टिकच्या किनाऱ्यावर एक प्रशस्त घर असते. घराचा मालक वास्तुविशारद असतो, नाहीतर पशुवैद्य. त्याची आणि त्याच्या जोडीदारणीची आधीच्या लग्नांतली मुले एका छपराखाली आणलेली असतात आणि त्यांतली एक मुलगी कानांत हेडफोन घालून सगळ्यांवर रागावलेली असते. पहिल्या दहा मिनिटांत कुणाची तरी आई बॅग घेऊन दारात उभी राहते, तासाभराने कुणीतरी दार आपटून गाडी काढते, आणि दीड तास संपता संपता बागेत लांबलचक टेबल मांडून, झाडांना कागदी कंदील टांगून सगळी मंडळी एकत्र जेवायला बसतात, तेव्हा कॅमेरा ड्रोनवर बसून आकाशात जातो. मधे जिथे आपण हसायचे असते तिथे व्हायोलिनच्या तारा बोटांनी छेडल्याचा टिकटिक आवाज येतो. प्रेक्षकाला इतक्या प्रेमाने बोट धरून हसायला नेणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

साचा असणे हा मात्र दोष नव्हे. फार्स साच्यावरच चालतो. दोन दारे, एक कपाट आणि भलत्या वेळी येणारा पाहुणा एवढ्या भांडवलावर युरोपात आणि आपल्याकडेही उत्तम नाटके उभी राहिली आहेत. माझी तक्रार अशी आहे की या चित्रपटांतल्या घरात कुणाचेच काही जात नाही. पैसा जात नाही, मान जात नाही, एकदा दुखावलेले माणूस दुसऱ्या दिवशीही दुखावलेले राहत नाही. ज्याला गमावण्यासारखे काही नाही त्याची फजिती पाहून हसू येत नाही, फार तर बरे वाटते, आणि बरे वाटावे एवढाच या चित्रपटांचा हेतू दिसतो.

परवाच्या शुक्रवारचेच उदाहरण घे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तेच नाव बदलून आणखी दहा चित्रपटांविषयी लिहिता येईल. सत्तरीची आई मुलीच्या दारात येते. मुलगी म्हणते, "मुटर! वास माख्स्ट डू डेन हिअर?", म्हणजे "आई, तू इथे कशी?", आणि हे वाक्य या प्रकारच्या चित्रपटांत मी इतक्यांदा ऐकले आहे की ते मलाच आधी उच्चारता आले. आई सांगते की पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर तिने नवऱ्याला सोडले आहे. मुलीने यावर काही बोलावे तेवढ्यात स्वयंपाकघरात भट्टीतला मांसाचा तुकडा करपतो, धुराचा गजर वाजू लागतो, जावई हातातला टॉवेल हवेत फिरवतो, टिकटिक सुरू होते, आणि पुढच्या दृश्यात सगळे पिझ्झा खात असतात. पंचेचाळीस वर्षांचा संसार धुराबरोबर खिडकीबाहेर जातो, तो परत येत नाही.

आता त्या बाईचा विचार कर. जर्मनीत १९७७ पासून घटस्फोटाच्या वेळी पतिपत्नींनी संसारकाळात मिळवलेल्या निवृत्तिवेतनाच्या हक्कांची वाटणी होते. पंचेचाळीस वर्षे एकत्र राहिलेली दोन म्हातारी माणसे पेन्शन कार्यालयाची पत्रे समोर पसरून एकमेकांची नोकरीची वर्षे मोजत बसली आहेत, तिने मुले सांभाळण्यात घालवलेल्या वर्षांचा हिशेब तो चुकवतो आहे आणि ती त्याला चश्मा शोधून देते आहे, हे दृश्य कुणी लिहिले असते तर मी पोट धरून हसलो असतो आणि त्या रात्री मला कदाचित झोपही आली नसती. चित्रपटात मात्र घर कुणाच्या नावावर आहे हेदेखील कळले नाही. विसाव्या मिनिटाला त्या बाईला रुपेरी केसांचा, नौका बाळगणारा एक विधुर भेटला आणि प्रश्न मिटला.

हे जर्मनांना जमतच नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. जर्मन माणसाला विनोद कळत नाही हे तर इथे येणाऱ्या प्रत्येकाला विमानातच शिकवलेले असते. ते साफ खोटे आहे. अभिनेत्री इंगे मायझेलची 'दी उनफरबेसरलिशन' (न सुधारणारी माणसे) ही मालिका १९६५ ते १९७१ या काळात मातृदिनाच्या सुमारास वर्षाकाठी एक भाग अशी दाखवली जात असे. सणाच्या दिवशी लोकांना गोड काहीतरी द्यायचे सोडून तिने बर्लिनच्या एका साध्या कुटुंबातली कुरबूर, पैशांची ओढ आणि मुलांविषयीची निराशा दाखवली, आणि त्याच मायझेलबाईंना लोकांनी देशाची आई म्हटले. लेखक वोल्फगांग मेंगे यांनी ब्रिटिश मालिकेवरून घेतलेल्या 'आइन हेर्त्स उंट आइने झेले'मधला आल्फ्रेड टेट्झलाफ १९७३ पासून जेवणाच्या टेबलावर बसून बायकोला मूर्ख म्हणत होता आणि समाजवादी जावयाशी तेव्हाचे चॅन्सेलर विली ब्रांट यांच्यावरून भांडत होता. तो खुजा, दुष्ट, भित्रा माणूस होता आणि त्याला कुणी शेवटी सुधारले नाही. त्याचा वर्षअखेरीचा भाग अजूनही ३१ डिसेंबरला टीव्हीवर लागतो, आणि तुझी आई दर वेळी म्हणते की हा आपल्या चाळीतला अमुक काका आहे. नाव इथे लिहीत नाही.

आणि विनोदकार लोरिओ. १९७८ साली त्यांनी होप्पेनश्टेट कुटुंबाचा नाताळ दाखवला, तो तू लहानपणी आमच्याबरोबर पाहिला आहेस. आजोबा नातवंडासाठी खेळणे घ्यायला जातात, तेव्हा दुकानातली बाई विचारते की मुलगा आहे की मुलगी, आणि आजोबांना ते सांगता येत नाही. शेवटी ते अणुऊर्जा प्रकल्प जोडण्याचा संच घरी आणतात. घरात आईवडील आधी भेटी उघडायच्या, की आधी झाड पाहायचे, की आधी निवांत बसायचे याचा क्रम अतिशय सभ्यपणे ठरवत बसतात. कुणी आवाज चढवत नाही. खोली मात्र वेष्टनाच्या कागदाने भरत जाते. साचा म्हणशील तर इथेही नाताळ, आजोबा आणि झाड हाच आहे. पण त्या काळी जर्मनीत अणुऊर्जेवरून रस्त्यावर मोर्चे निघत होते आणि ते सगळे त्या खेळण्यात येऊन बसले आहे. शिवाय त्या आईवडिलांना सण नीट पार पडायलाच हवा आहे, अगदी जिवाच्या आकांताने हवा आहे, म्हणून हसू येते.

अलीकडचेही घे. २००६ साली एआरडीनेच संध्याकाळच्या वेळी 'ट्युर्किश फ्युर आनफेंगर' (नवशिक्यांसाठी तुर्की) ही मालिका दाखवली. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ आई, तुर्की वंशाचा पोलीस बाप आणि दोघांची मुले एका घरात, म्हणजे पुन्हा तोच साचा. पण तिथली मुले एकमेकांना खरोखर लागेल असे बोलत होती. वाहिनीला हवे तितके प्रेक्षक तिला मिळाले नाहीत, तीन पर्वांनंतर २००८ मध्ये ती संपली, आणि २०१२ साली तिच्यावरून निघालेला चित्रपट वीस लाखांहून अधिक लोकांनी तिकीट काढून पाहिला.

मग शुक्रवारच्या रात्री हे का घडत नाही? मला जे कारण दिसते ते चमत्कारिक आहे. खासगी वाहिन्यांना जाहिरातदार सांभाळावे लागतात, हे समजते. एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्यांसाठी मात्र या देशातले प्रत्येक घर दरमहा १८.३६ युरो देते, घरात टीव्ही असो वा नसो, आणि रात्री आठनंतर त्यांना जाहिरात दाखवण्याची परवानगीच नाही. म्हणजे सव्वाआठच्या चित्रपटाला कमी प्रेक्षक मिळाले तर कुणाचे साबण विकले जायचे राहत नाहीत. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेक्षकसंख्येचा आकडा आला की तो परीक्षेच्या निकालासारखा वाचला जातो. या वाहिन्यांचा सरासरी प्रेक्षक साठीच्या पुढचा आहे, तो हातातून जाऊ नये ही धास्ती आहे, आणि साठीच्या माणसाला काही खुपता कामा नये, अशी कुणीतरी समजूत करून घेतली आहे. मी स्वतः साठीच्या पुढचा आहे आणि या समजुतीचा मला राग येतो. आल्फ्रेड टेट्झलाफला हसलेली तरुण मंडळीच आज साठी-सत्तरीची झाली आहेत.

दुसरे कारण अधिक रोकडे आहे. राज्यांचे चित्रपट-निधी पैसे देतात तेव्हा ते पैसे त्या राज्यातच खर्च व्हावेत अशी अट असते; म्हणून तळे, चौक आणि चर्चचा मनोरा पुन्हा पुन्हा दिसतो. त्या प्रदेशाची भाषा मात्र ऐकू येत नाही. वरच्या बव्हेरियात तीन पिढ्या राहिलेले कुटुंब हॅनोव्हरच्या बातमीदारासारखे प्रमाण जर्मन बोलते. 'फामिलिए हाइंझ बेकर' या विनोदी मालिकेतला बेकर झारलँडची बोली बोलत असे आणि टोपी घरातही काढत नसे. तो माणूस कुठल्या गल्लीतला आहे हे मला परक्यालाही कळत होते.

तू म्हणशील की बाबा, आपल्या मराठी मालिका तरी कुठे मोठ्या? नाहीतच. सोन्याने मढलेल्या सासवा आणि तीन वेळा वळणारा कॅमेरा यांची वकिली मी करणार नाही. तिथे निदान रोज एक भाग पाडायची घाई असते. इथे दीड तासासाठी संहितेचे खर्डे महिनोन्‌महिने फिरतात आणि प्रत्येक फेरीत एकेक कोपरा घासून गुळगुळीत केला जातो, हे तूच मला सांगितले आहेस. तुझी आई हे चित्रपट इस्त्री करताना पाहते आणि तिची त्यांविषयी काही तक्रार नाही. पण तिने मान खाली घातली तरी काही चुकू नये म्हणून पात्रे सतत एकमेकांना माहीत असलेलेच सांगत असतात. "तू माझा भाऊ आहेस, आणि बाबा गेल्यापासून आपण बोललेलो नाही," असे कोणता भाऊ भावाला सांगतो? अशी वाक्ये तुझ्याकडे लिहायला येतील, तेव्हा ती खोडून पाहा. बहुतेक वेळा काहीच बिघडणार नाही.

तुझ्या कथेत शेजारी म्हणून एक भारतीय कुटुंब घालावे असे सुचवण्यात आले आहे, असे तू लिहिले आहेस. घाल. पण त्यांना योगासने आणि शहाणपणाची वचने देऊ नकोस. आपण या घरात आलो त्या वर्षी रविवारच्या शांततेच्या वेळेत कुकरच्या शिट्ट्या होतात म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दारावर चिठ्ठी लावली होती, आणि तुझी आई चौथ्या शिट्टीला गॅस बंद करून डाळ अर्धी कच्ची वाढू लागली. मी मात्र ती डाळ चांगली झाल्याचे सांगत राहिलो. त्या चिठ्ठीत, त्या डाळीत आणि माझ्या खोटे बोलण्यात पाच मिनिटांचा प्रवेश आहे, तो तुला देऊन टाकतो. त्या बाईंनाही खलनायिका करू नकोस. त्यांचा नवरा रात्रपाळी करून झोपलेला असे.

आता व्यवहाराचे. २०१८ साली इथल्या पटकथालेखकांनी एकत्र येऊन 'कॉन्ट्राक्ट १८' नावाने आपल्या अटी जाहीर केल्या होत्या: दिग्दर्शक ठरवताना लेखकाला विचारावे, वाचनाच्या बैठकीला बोलवावे, लेखकाला बाजूला सारून संहिता परस्पर बदलू नये, प्रसिद्धीत नाव घ्यावे. तू सहायक आहेस, तुला हे सगळे मागता येणार नाही हे मला कळते. पण सही करण्यापूर्वी एवढे मात्र लेखी विचार, की तू लिहिलेले प्रवेश बदलले गेले तर ते चित्रीकरणाआधी तुला पाहायला मिळतील का. उत्तर काय येते ते कळव, आणि करारनाम्याची प्रत पाठवलीस तर तुझ्या मामाकडून ती वाचून घेईन. पहिल्या खर्ड्यात आजी बॅग घेऊन येत असेल, तर ती नेमके काय घरी ठेवून आली आहे हे तेवढे ठरवून ठेव. ते पडद्यावर आले नाही तरी चालेल.

थंडी वाढली आहे, रात्री उशिरापर्यंत जागू नकोस. आई आशीर्वाद सांगते.

तुझा,
बाबा