विमान ढकलणारा ट्रॅक्टर आखताना सुरुवात नाकाच्या चाकापासून व्हावी

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला. माझ्या पुतण्याचा मुलगा तिथे शिकतो, एवढेच माझ्या जाण्याचे निमित्त होते. पण एका गटाने विमाने ओढणाऱ्या विजेवरच्या ट्रॅक्टरची प्रतिकृती मांडलेली दिसली आणि मी तिथेच थबकलो, कारण आयुष्याची सव्वीस वर्षे, आधी आखाती देशात आणि नंतर घरी परतल्यावर, मी याच यंत्रांच्या दुरुस्तीत घालवली आहेत. मुलांनी कष्ट पुष्कळ घेतले होते. मात्र फलकावर सर्वांत ठळक अक्षरांत होती ती मोटारीची अश्वशक्ती आणि कमाल वेग. ट्रॅक्टरचे वजन किती, असे विचारल्यावर एकाने अभिमानाने सांगितले की ते शक्य तितके कमी ठेवले आहे. त्या उत्तरामुळेच हे पत्र लिहीत आहे.

विमानाला स्वतःच्या बळावर मागे जाणे सहसा परवडत नाही. इंजिनाचा झोत उलटा फिरवण्याची सोय असली, तरी टर्मिनलच्या काचांसमोर तसे केल्यास खडे, कचरा आणि सामानाच्या ट्रॉल्या उडतील, शिवाय उडालेले खडे इंजिनातच ओढले जाण्याचा धोका असतो. म्हणून टर्मिनलकडे नाक करून उभ्या असलेल्या विमानाला निघताना कोणीतरी ढकलावे लागते, आणि रात्री एका बेवरून, म्हणजे विमान उभे करण्याच्या जागेवरून, दुसऱ्या बेवर किंवा हँगरकडे न्यायचे झाले तर ओढावे लागते. हे काम करणाऱ्या वाहनाला बाहेरचा माणूस रस्त्यावरच्या ट्रकचा भाऊबंद समजतो, आणि आखणीतली पहिली चूक तिथेच होते.

पाटी-पेन्सिलीचा हिशेब मांडून पाहावा. आपल्याकडे नेहमी उतरणारे मधल्या आकाराचे विमान माणसे, सामान आणि इंधन घेऊन साधारण ७५ टनांचे भरते. सपाट काँक्रीटवर ते चालत असेल तर टायरांचा विरोध वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे एक-सव्वा टन असतो. पण तासभर एका जागी उभे राहून टायर बसलेले असतील तर पहिल्या हिसक्याला तो जवळपास दुप्पट होतो. बेचा उतार १ टक्क्यापेक्षा अधिक नसावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, तरी त्या एका टक्क्याचाही पाऊण टन होतो. त्यातच ढकलत असताना वैमानिक इंजिने सुरू करतो आणि ती मंद गतीवर असली तरी विमानाला पुढेच रेटत असतात. सगळे मिळून चार टनांचा जोर धरून चालावे. आता हा जोर माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी पाच किलोमीटरने लावायला किती अश्वशक्ती लागते? सुमारे ७५. एवढी तर आपल्या दारातल्या लहान मोटारीतही असते.

मग त्या लहान मोटारीने विमान का ढकलता येत नाही, हा प्रश्न मुलांना विचारायला हवा होता. ती जागच्या जागी चाके फिरवत राहील, हे त्याचे उत्तर. जोर इंजिनातून येत असला तरी तो जमिनीला पोचवते ते चाकावरचे वजन. कोरड्या काँक्रीटवर घर्षणाचा गुणांक, म्हणजे चाकावरच्या वजनाच्या किती पट जोर जमिनीला पोचतो ते प्रमाण, ०.८ पर्यंत जातो. जुलैतल्या ओल्या, त्यातही सांडलेल्या तेलाचा ओशट पापुद्रा असलेल्या एप्रनवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या फरसबंद आवारात, तो ०.५ धरणेही धाडसाचे ठरते. चार टनांच्या जोरासाठी चालत्या चाकांवर आठ टन वजन हवे, थोडी राखीव धरली तर दहा-बारा. चारही चाकांना शक्ती दिली तरच हे पूर्ण वजन कामाला येते. फक्त मागच्या चाकांना दिली तर पुढचे वजन नुसते सोबतीला. मोठ्या पोटाच्या विमानांसाठी हाच आकडा चाळीस टनांपुढे जातो. म्हणूनच या ट्रॅक्टरांची चासी जाडजूड पोलादी पाट्यांची बांधतात. वजन वाचवण्यात इतर वाहनांच्या आखणीकाराचे कौशल्य दिसते, इथे ते योग्य जागी वजन घालण्यात दिसते.

विजेवरच्या ट्रॅक्टरात तर याची गंमतच आहे. जुन्या पद्धतीच्या शिशाच्या बॅटऱ्या जड, म्हणून मोटारगाडीला त्या नकोशा. इथे मात्र तेच जडपण फुकटचे वजन म्हणून उपयोगी पडते. लिथियमच्या बॅटऱ्या बसवल्या की वाचलेले वजन लोखंडी लाद्या घालून भरून काढावे लागते. लिथियमचे इतर फायदे आहेत आणि मी त्यांच्या विरोधात नाही, पण हलकेपणा हा त्यातला फायदा म्हणून फलकावर लिहू नये.

ब्रेकचा विचार तर त्या प्रतिकृतीत नावालाच होता. ढकलत असताना वैमानिकाने ब्रेक दाबायचे नसतात, कारण मागे सरकणारे विमान एकदम थांबले तर नाक वर उचलले जाऊन ते शेपटीवर बसण्याची भीती असते. म्हणजे त्या घटकेला ७५ टनांना थांबवण्याची सगळी जबाबदारी बारा टनांच्या ट्रॅक्टरवर आणि मधल्या एका दांड्यावर असते. त्या दांड्याला, म्हणजे टोबारला, मुद्दाम कमजोर ठेवलेल्या पिना असतात. त्यांना शिअर पिन म्हणतात. ओढ मर्यादेबाहेर गेली किंवा वळण अती झाले की पिन तुटते आणि विमानाचा नोज गियर, म्हणजे नाकाखालचे चाक आणि त्याचा पाय, वाचतो. ढकलण्याआधी नोज गियरमध्ये बायपास पिन घालून वैमानिकाचे स्टिअरिंग मोकळे केले जाते, आणि किती अंशांपर्यंत वळवायचे याच्या खुणा विमानावरच रंगवलेल्या असतात. हे सारे करण्याचे कारण एकच. नाकावर विमानाचे साधारण दहावा हिस्सा वजन येते आणि तिथला सांधा उभ्या भारासाठी जितका दणकट, तितका आडव्या पिळासाठी नसतो. तिथे पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. ती पुढच्या कुठल्या तरी लँडिंगला बोलते.

इथे एक घडलेली गोष्ट सांगतो. कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही. विजेवरचा नवा ट्रॅक्टर आला होता. संध्याकाळची वेळ, पाऊस धरलेला, आणि चालक डिझेलच्या ट्रॅक्टरावर दहा वर्षे हात बसलेला. डिझेलच्या गाडीत इंजिनाची शक्ती तेलातून चाकांकडे पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो पहिला धक्का स्वतः गिळतो. विजेची मोटर मात्र शून्य वेगालाच पूर्ण पीळ देते. चालकाने नेहमीच्या सवयीने पाय ठेवला आणि पिन काडीसारखी तुटली. दुसरी घातली, तीही गेली. प्रवासी आत बसून, विमान जागेवर, आणि वरच्या मजल्यावरून फोन. मेमो मिळाला तो चालकाला. खरे तर पेडल दाबल्यावर जोर किती सेकंदांत चढावा, हे ठरवणारी नियंत्रकातली एक संख्या कोणीतरी रस्त्यावरच्या गाडीची ठेवली होती. ती बदलल्यावर त्याच चालकाकडून पुन्हा कधी पिन तुटली नाही. त्या धांदलीत कोणीतरी पिनेच्या जागी त्याच मापाचा साधा बोल्ट घालायला निघाला होता. आपल्याकडे याला हुशारी म्हणतात. मजबूत बोल्ट तुटत नाही, आणि मग जे तुटते ते विमानाचे असते.

टोबार नसलेले ट्रॅक्टरही आता सर्वत्र आहेत. ते नाकाचे चाक कवेत धरून जमिनीपासून थोडे उचलतात आणि विमानाचेच वजन आपल्या चाकांवर घेतात, त्यामुळे स्वतः तुलनेने हलके राहूनही त्यांना पकड मिळते, आणि प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळा टोबार सांभाळण्याची कटकट उरत नाही. किंमत मात्र बरीच जास्त, आणि तुटणारी पिन नसल्यामुळे पीळ मोजून चालकाला सावध करणारी यंत्रणा त्यात अचूक असावी लागते. याच कल्पनेची पुढची पायरी म्हणजे वैमानिकाने कॉकपिटमधून चालवायचा टॅक्सीबॉट; ऑक्टोबर २०१९ मध्ये एअर इंडियाने दिल्लीत प्रवासी असलेले ए-३२० विमान त्याच्या साह्याने धावपट्टीकडे नेले होते.

एवढे सांगितल्यावर गोव्याचा प्रश्न येतो. आपल्याकडे आज दोन विमानतळ आहेत. दाबोळी हा नौदलाच्या हंस तळावरचा, समुद्राला लागून. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडण्याच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, जानेवारी २०२३ पासून चालू. दोन्हीकडच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि परदेशी कॅटलॉगात त्या सापडत नाहीत. दाबोळीची खारी हवा विजेच्या जोडण्या हिरव्या करून टाकते. माझ्या नोंदवहीत बिघाडांच्या निम्म्या ओळी मोटर किंवा बॅटरीच्या नव्हत्या, गंजलेल्या कनेक्टरच्या होत्या. पठारावर वारा मोकळा, आणि विमानाची उंच शेपटी शिडासारखी वागते, त्यामुळे आडव्या वाऱ्यात नाकावरचा पीळ वाढतो. पावसाळ्यात केबिनच्या काचा आतून धुरकटतात, आणि चालकाला तर एकाच वेळी समोरचे नाकाचे चाक, वरचे कॉकपिट, बाजूने चालत वैमानिकाशी बोलणारा हेडसेटवाला आणि पंखाच्या टोकाशी उभा असलेला माणूस, इतके सगळे दिसायला हवे. हेडसेटवाल्याचा जीव त्या दिसण्यावर अवलंबून असतो. छताला काच, चांगला वायपर आणि काचेवर गरम हवा, या गोष्टी आखणीत शेवटी चैन म्हणून येतात. त्या पहिल्या पानावर याव्यात.

चार्जिंगचाही विचार इथल्या वेळापत्रकावरून करता येईल. दाबोळीला नौदलाच्या सरावासाठी आठवड्यातल्या बहुतेक दिवशी सकाळचे काही तास नागरी उड्डाणे नसतात आणि मग दुपारपासून विमानांची रीघ लागते. म्हणजे ट्रॅक्टरला सकाळी विश्रांती आणि नंतर सलग धावपळ. ज्याची बॅटरी त्या सकाळच्या अवकाशात भरून पुढचे काम निभावेल, तो दाबोळीसाठी योग्य. त्याहून मोठी बॅटरी हा निव्वळ खर्च. मोपाचे गणित याहून वेगळे निघेल, आणि हिवाळ्यात मोठी चार्टर विमाने येतात तेव्हाचे त्याहूनही वेगळे.

अशी यंत्रे गोव्यात बनू शकतील का, असे कोणी विचारील. माझे उत्तर, निदान टोबारने ढकलणाऱ्या ट्रॅक्टरपुरते, हो असे आहे. जाड पोलादी पाट्या कापून जोडणे हे बार्जी बांधणाऱ्या आपल्या यार्डांना नवे नाही. वाहनाची बॉडी बांधण्याचे काम सत्तरीतल्या होंडा-भुईपाल गावांत वर्षानुवर्षे होत आले आहे. आणि हायड्रॉलिक्स, टॉर्क कन्व्हर्टर, चारही चाकांचे ड्राइव्ह यांत हात मुरलेले मेकॅनिक आपल्या खाणपट्ट्यात आहेत. २०१२ आणि २०१८ च्या खाणबंदीनंतर त्यांतले कितीतरी जण गॅरेज टाकून स्कूटर दुरुस्त करत बसले. चाचणीसाठीही विमान लागत नाही. खनिज भरलेला आपला दहा टनी टिपर एकूण सोळा टनांच्या आसपास भरतो. असे पाच एकामागे एक जोडले, ब्रेक सोडले, मध्ये जोर मोजणारा लोड सेल लावला आणि पहिल्या पावसानंतरच्या दिवशी ओढून पाहिले, तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतील. टिपरचे आणि विमानाचे टायर सारखे नसतात हे मान्य, पण अंगणातला हिशेब म्हणून तो खोटा नाही.

विमानतळावर येण्याआधी यंत्राला आंतरराष्ट्रीय मानके पाळावी लागतात आणि परवानग्यांचा डोंगर चढावा लागतो, याची मला पूर्ण कल्पना आहे. म्हणून माझी मागणी कारखान्याची नाही. फर्मागुडी, वेर्णा, फातोर्डा येथील महाविद्यालयांनी रेसच्या गाड्यांबरोबर हा विषयही शेवटच्या वर्षाला द्यावा, आणि दोन्ही विमानतळांच्या व्यवस्थापनांनी रीतसर पास देऊन या मुलांना पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी एप्रनवर सुरक्षित अंतरावर उभे राहू द्यावे. सोबत एखादा जुना चालक असावा. आखणीकार चालकाला विचारत नाही, असा माझा सव्वीस वर्षांचा अनुभव आहे आणि तो चुकीचा ठरला तर मला आनंदच होईल.

त्या प्रदर्शनातल्या गटाशी माझे पुन्हा बोलणे झाले. त्यांना वजनाचा हिशेब पटला, पण पिन म्हणजे नेमके काय, हे त्यांनी पाहिलेले नाही. त्या संध्याकाळी तुटलेल्या दोन पिनांपैकी एक माझ्या खणात आहे; मधोमध काप स्वच्छ गेलेला आहे. ती घेऊन मी पुढच्या आठवड्यात महाविद्यालयात जाणार आहे. इतर कोणत्या महाविद्यालयाला पाहायची असल्यास त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
ग्राउंड इक्विपमेंट विभागातील एक निवृत्त फोरमन
चिखली, वास्को