लॉगबुकाचा तक्ता आणि उजवी सीट : सरांना आभारपत्र

आदरणीय सर,

हवाई दलातून एअरलाइनकडे निघालेल्या आम्हा वैमानिकांना तुम्ही कितीतरी शनिवार-रविवार दिलेत, तेही एक रुपया न घेता. हे आभार उघड लिहितो आहोत, कारण तुम्ही सांगितलेलं पुढच्या बॅचच्याही हाती पडायला हवं.

तुमचा पहिला आग्रह असायचा, आधी लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, मग पुस्तकं. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्सला किमान १५०० तास लागतात हे कुणालाही ठाऊक असतं. घोडं अडतं ते आतल्या वाटणीवर. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ प्रमाणे त्यात १०० तास रात्रीचे, २०० क्रॉस-कंट्रीचे (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे) आणि ७५ इन्स्ट्रुमेंटचे (फक्त उपकरणं बघून उडण्याचे) असावे लागतात, आणि या ७५ मध्ये सिम्युलेटरचे ३० पेक्षा जास्त चालत नाहीत. एकआसनी लढाऊ विमानावर सगळे तास कॅप्टनचेच, पण त्याच तळावर परतणाऱ्या सरावामुळे क्रॉस-कंट्रीचा रकाना रिकामा राहतो. एएन-३२ या मालवाहू विमानावरच्यांचा तो रकाना भरलेला असतो, पण बरेच तास सेकंड पायलटचे निघतात. हेलिकॉप्टरचे तास तर विमानाच्या १५०० मध्ये जसेच्या तसे मिळवताच येत नाहीत. अर्ज करण्याआधी डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) चालू नियम समोर ठेवून प्रत्येक रकान्याची बेरीज करा, हे तुम्ही किती वेळा बजावलंत!

आणि बेरीज तरी कशी चुकते ते तुम्हीच दाखवलंत. १ तास ३० मिनिटं कुणी १.३० लिहितो आणि दशांशासारखी बेरीज करतो. अशा दहा नोंदींचे १५ तास व्हायला हवेत, होतात १३. सूर्यास्ताचंही तसंच. जोरहाटला सूर्य पुण्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी मावळतो, त्यामुळे घड्याळात तीच वेळ असली तरी एका तळावरचं उड्डाण दिवसाचं आणि दुसऱ्या तळावरचं रात्रीचं ठरतं. मुलकी नोंद यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणून भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करताना तारीख बदलते का तेही बघायचं. एका पानाची चूक पुढच्या सगळ्या पानांच्या एकूण बेरजेत उतरते, आणि मग सही-शिक्क्यासाठी पुन्हा जुन्या युनिटकडे पत्रव्यवहार करावा लागतो.

परीक्षांबद्दल थोडक्यात: उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात आणि सेवेतली माणसं नेव्हिगेशनपेक्षा एअर रेग्युलेशन्समध्ये जास्त गडबडतात. सेवेतली वैद्यकीय श्रेणी उत्तम असली तरी मुलकी वैमानिकाचं क्लास वन मेडिकल वेगळं द्यावंच लागतं, ते आधी उरकून घ्या, हा तुमचा सल्ला अनेकांचे महिने वाचवून गेला.

सगळ्यात मोलाचं शिकवलंत ते एअरबस ए-३२० या प्रवासी विमानाच्या कॉकपिटमधलं. ३६,००० फुटांवरून उतरायचं तर उंचीचे हजार, ३६ गुणिले ३, म्हणजे १०८ नॉटिकल मैल आधी खाली निघायचं, शिवाय वेग कमी करायला साधारण १० मैल. तीन अंशांच्या उतारावर ग्राउंडस्पीडच्या (जमिनीच्या मानाने असलेल्या वेगाच्या) पाचपट उतरण्याचा दर धरायचा: १४० नॉट असेल तर मिनिटाला ७०० फूट. ढगात असताना १,००० फुटांपर्यंत विमानाचा वेग आणि उतार स्थिर झाला नाही तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढायचं. लढाऊ वैमानिकाचा हात इथे "सावरून घेतो" म्हणतो, कारण त्याची सगळी तालीमच तशी झालेली असते. तुम्ही मात्र सावरून घेणं हीच इथली चूक मानायला लावलीत.

तीस फुटांच्या आसपास फ्लेअर (टेकण्याआधी नाक जरा वर उचलणं), वीस फुटांवर विमानाच्या यंत्रणेचा "रिटार्ड" हा आवाज ऐकू आला की दोन्ही थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनांच्या शक्तीचे दांडे, आयडलला (सर्वांत कमी शक्तीवर). दोन्ही! २००७ मध्ये साओ पावलोच्या काँगोन्यास विमानतळावर १९९ जीव गेले, त्या ए-३२० च्या नोंदीत एक लिव्हर चढाईच्या खाचेतच राहिल्याचं दिसलं. त्यामुळे पंखांवरचे स्पॉइलर (उतरल्यावर वेग मोडणारी फळकुटं) उघडले नाहीत आणि विमान धावपट्टीबाहेर गेलं. त्या अपघाताचा अहवाल समोर ठेवून तुम्ही प्रत्येकाला रिकाम्या खुर्चीवर बसवून हाताची हालचाल करायला लावत होतात.

उजव्या सीटचं काय? ग्रुप कॅप्टन असो वा स्क्वाड्रन लीडर, एअरलाइनमध्ये सुरुवात फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजवीकडे बसणारा सहवैमानिक म्हणूनच होते, आणि डावीकडचा कॅप्टन वयाने पंधरा वर्षांनी लहान असू शकतो. पण वेग पाच नॉटने घसरला तर तो कुणीही असो, "स्पीड" हा शब्द तोंडातून निघायलाच हवा. एकट्याने, मनातल्या मनात उडणाऱ्या माणसाला मोठ्याने बोलायला शिकवणं हे फार अवघड काम, सर, आणि ते तुम्ही न थकता केलंत.

लॉगबुकाच्या बेरजेचा तुमचा तक्ता आता पुढच्या बॅचकडे गेला आहे. त्यात आम्ही एक रकाना वाढवलाय: उड्डाणाच्या तळाचा सूर्यास्त, यूटीसीत. चूक दिसली तर नेहमीसारखं लाल पेनाने कळवा.

तुमचे,
हवाई दलातून आलेले तुमचे विद्यार्थी