सतराचे साडेअठरा कसे झाले

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सिंगापूर ते न्यूयॉर्क 15,349 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी साधारण 900, म्हणजे 17 तास. मग तिकिटावर साडेअठराच्या वर कसे, असं विचारलंयस. तुझ्याबरोबर येणाऱ्या काकूंना सतरा सांगून ठेवलेत आणि उशीर झाला तर त्या घाबरतील, ही तुझी काळजीही समजली.

तुझा भागाकार चोख आहे. पण ते अंतर पृथ्वीवर ताणलेल्या दोऱ्याचं आहे, विमानाच्या वाटेचं नाही. पृथ्वीगोल असेल तर समोर घे. सिंगापूर 104 अंश पूर्वेला, न्यूयॉर्क 74 अंश पश्चिमेला. बेरीज 178, म्हणजे दोन्ही जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर. त्यामुळे दोरा ताणलास की तो थेट उत्तर ध्रुवाला खेटून जातो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम 1 अंश वर, तिथून ध्रुव 89 अंश, आणि ध्रुवावरून न्यूयॉर्कला उतरायला 49. झाले 138. अंशाला 111 किलोमीटर धरून गुणून बघ, 15,300च्या आसपास येतं. मला हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा किती तरी वेळ मी गोल हातात धरून बसलो होतो.

पण जाताना विमान बहुतेक वेळा प्रशांत महासागरावरून जातं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. असं वारं पाठीशी असेल तर लांबची वाट लवकर संपते. परतीला तेच वारं समोरून नको, म्हणून पुष्कळदा अटलांटिक ओलांडून युरोपच्या बाजूने येतात. म्हणजे दोन्ही वेळा पूर्वेकडेच! तसं झालं तर काकूंची अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा होईल, हे त्यांना आवर्जून सांग.

शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं. वाऱ्याचं गणित रोज नवं, म्हणून थोडी मोकळीकही धरलेली असते.

इंधनाची चिंता करू नकोस. या मार्गासाठी एअरबस ए350चा खास प्रकार आहे, त्याच्या टाक्यांत 1,65,000 लिटर मावतं. 2018मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळासाठी हीच विमानं सुरू झाली.

खरा गोंधळ होईल तो तारखेचा. हिवाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या 13 तास मागे असतं. मध्यरात्री निघालात तर साडेअठरा तासांनी तिथे पहाटेचे साडेपाच, तेही त्याच तारखेचे. येताना उलट: रात्री दहाला निघालात तर घड्याळात साडेएकतीस तास पुढे, मधली एक तारीख जवळजवळ हवेतच सरते. म्हणून काकूंना पोचायची वेळ सांगू नकोस, नुसते तास सांग, आणि तेही एकोणीस. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांकडून तासांच्या हिशेबाने लिहून घे. मध्ये मध्ये त्यांना उठवून चालव, एवढा वेळ एका जागी बसू देऊ नकोस.

आसनासमोरच्या पडद्यावर नकाशा असतो. कुठून कुठे गेलात ते दर दोन तासांनी टिपून ठेवशील? उतरलात की आधी काकूंची खुशाली कळव, मग ती टिपणं पाठव. मी इथे गोलावर दोरा लावून बसलेलोच असेन.

तुझा,
बाळपणीचा मित्र