आजीची ट्रंक नावेत घेणाऱ्यांना

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती आणि सांगलीच्या गावभागात आजीच्या घरात पाणी शिरलं होतं. आजोबा तेव्हा हयात नव्हते. आजी माडीवर एकटीच, आणि ट्रंक घेतल्याशिवाय ती खाली उतरायला तयार नव्हती. नाव घेऊन आलेल्या तुम्हा तिघांनी तिच्यावर आवाज चढवला नाही. "आजी, ट्रंकसुद्धा घेऊ," म्हणालात आणि खरंच घेतलीत.

त्या ट्रंकेत काय होतं ते सांगते. आमचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. शाळा सुटली की दप्तर आधी आजीकडे पडायचं. गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा. तिखट भडंगाची पुडी आजोबांच्या खिशात. पावसाळ्यात ते मला पुलावर नेऊन पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी वाचायला शिकवायचे. रोजचा आकडा एका वहीत लिहायचा, माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात. ती वही, त्यांचा चष्मा, आजीचं लग्नातलं लुगडं.

गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. वही आज माझ्या टेबलावर आहे, कोरडी. तुमचे मनापासून आभार. कधी भेटलात तर घरी जेवायला या, भाकरी मी करीन.