दाढांच्या दुखण्यावर पाचक पावडर खपवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: घोड्यांच्या पाचक पावडरीच्या पत्रकातील दिशाभूल करणारा मजकूर आणि मदतवाहिनीवर मिळालेला चुकीचा सल्ला

महोदय,

सोलापुरात आमच्या घोड्या लग्नाच्या वरातीला जातात. त्यातली थोरली घोडी वाळत चालली होती आणि लिदीत हरभरा अख्खाच पडत होता. तुमच्या पत्रकात नेमकी हीच लक्षणं मंद पचनाची म्हणून छापली आहेत, म्हणून तुमची पावडर सुरू केली. फरक पडेना तेव्हा मदतवाहिनीवर फोन लावला. घोडी कडबा चघळून त्याचे ओले बोळे गव्हाणीत टाकते, खाताना मान एका अंगाला कलती करते, लगाम लावला की डोकं झटकते, हे सगळं मी सांगितलं. तोंड तपासलं का, असं तुमच्या माणसाने एकदाही विचारलं नाही. मात्रा दुप्पट करा म्हणाला आणि फोन ठेवला.

शेवटी पशुवैद्यकांना बोलावलं. त्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबडा उघडा राहील असा साचा बसवला आणि बॅटरीच्या उजेडात मला आत बघायला लावलं. वरच्या दाढांच्या गालाकडच्या कडा करवतीसारख्या झाल्या होत्या आणि त्यांच्यासमोर गाल आतून सोलून पांढरा पडला होता. पुढचे दात मात्र अगदी ठीक. नुसता ओठ उचलून पाहणाऱ्याला काही कळलंच नसतं.

घोड्याची दाढ वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर वर सरकते आणि चावून चावून झिजते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्यांची आतली कड झिजायची राहते, तिला धार येते. चारा कमी आणि चंदी जास्त असेल तर हे आणखी वाढतं, कारण दाणा चावताना जबडा आडवा कमी फिरतो. दुखतं म्हणून जनावर दाणा नीट चावत नाही आणि तो तसाच लिदीत उतरतो. यात पोटाचा काय दोष? तोंडाला घाण वास येणं, गालात चारा साठणं, एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येणं, यांतलं एकही लक्षण तुमच्या पत्रकात नाही. न चावलेला चारा घशात अडकू शकतो, पोटशूळही उठू शकतो.

कानशीने कडा घासून घेतल्या, गालाची जखम भरली आणि घोडी पुन्हा तोबरा रिकामा करू लागली. पावडर तेव्हा बंद होती. इतके दिवस ती तोंडात जखम घेऊन दाणा गिळत होती, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे. अकलूजच्या बाजारातून घोडी आणणारे आमच्याकडचे पुष्कळ जण पत्रक वाचूनच औषध ठरवतात.

पावडरीची पूर्ण रक्कम परत करावी. 'आधी पशुवैद्यकांकडून दाढा तपासून घ्या, वर्षातून एकदा तरी' ही सूचना पत्रकात ठळक छापावी आणि मदतवाहिनीवरही पहिला प्रश्न तोंडाचाच विचारावा. पावत्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
एक ग्राहक, सोलापूर